गळका खंदक

पारोळा तालुक्यातल्या बरडावरचं एक गाव. नाव सांगत नाही. गोष्ट आहे, गोष्टीसारखीच ऐकावी. या गावचा एक पोरगा दहावी नापास झाला आणि अमळनेरला जाऊन सुरतेच्या गाडीत बसला. खान्देशातली हजारो पोरं बसतात तसाच. सुरतेत उधन्याला यंत्रमागावर बारा तासांची पाळी मिळाली. झोपायच्या खोलीत माणसं आठ आणि अंथरुणं चार. चौघं दिवसपाळीला, चौघं रातपाळीला. एकाने उठायचं आणि दुसऱ्याने त्याच घामेजल्या वाकळेवर अंग टाकायचं. एका पावसाळी रात्री भाड्यावरून कुरबुर झाली आणि घरमालकाने आठही जणांच्या पेट्या रस्त्यावर काढल्या. पोरगा पेटीवर बसून पहाटेपर्यंत भिजला. कुणाला आपल्याला बाहेर काढता येणार नाही असं घर बांधायचं, हे त्याने तेव्हाच ठरवलं.

त्या घराला रूपही लवकरच मिळालं. साड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं होतं. डोंगराच्या टोकावर पांढराशुभ्र किल्ला, टोकदार मनोरे, खाली दाट झाडी. किल्ला कुठला, कुणाचा, हे पोराला ठाऊक नव्हतं. साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर तो तसे बुरुज काढू लागला. चार कोपऱ्यांना चार बुरुज, मधे दगडी तट, भोवती पाण्याने भरलेला खंदक आणि साखळीने वर ओढता येईल असा पूल. पुढे माग स्वतःचे झाले, भरतकामाची यंत्रं आली, मार्केटात गाळा झाला आणि पोराचा आण्णा झाला. पुठ्ठा मात्र त्याने एकही टाकला नाही.

पन्नाशी गाठली तेव्हा पोरांनी धंदा सांभाळला होता. आण्णा गावी परतला आणि गावाच्या वरच्या अंगाला, नाल्याशेजारची बरड जमीन त्याने विकत घेतली. तिथे कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. धुळ्याहून इंजिनिअर आला, त्याने पुठ्ठे बघितले आणि नकाशा काढला. सिमेंटचा सांगाडा, बाहेरून दगड. घडीव दगडाचं काम येणारा मात्र पंचक्रोशीत एकच म्हातारा मिस्तरी उरला होता, त्याला बोलावणं गेलं.

मिस्तरीने नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘‘आण्णा, भिंत किती जाडीची?’’ नऊ इंच, इंजिनिअरने सांगितलं. मिस्तरी म्हणाला, ‘‘मग जेठात आत भाजून निघाल.’’ त्याने गढ्यांच्या भिंती पडताना पाहिल्या होत्या, म्हणून त्या उभ्या कशा राहिल्या होत्या हे त्याला माहीत होतं. बाहेरून दगड, आतून दगड किंवा भाजकी वीट, आणि पोटात धुम्मस करून ठासलेली पांढरी माती. चुना घाणीत मळायचा. गोल चरात बैल दगडी चाक फिरवायचा, तेव्हा कुठे तो लोण्यासारखा मऊ व्हायचा. चार फुटांच्या भिंतीत दुपारचं ऊन शिरलं तरी आतल्या अंगाला सहज पोचत नाही आणि रात्री दारं-खिडक्या उघडून आतली गरमी बाहेर सोडता येते. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्या मुलखात जाड भिंत चैनीसाठी नसते. आण्णाने जाड भिंती कबूल केल्या. त्याच्या पुठ्ठ्यांवर त्या जाडच होत्या.

तीन बुरुज उभे राहिले. मग आण्णा मायला घर दाखवायला घेऊन गेला.

माय गावात धाब्याच्या घरात राहायची. मातीचं छत, सागाच्या तुळया, पुढे शेणाने सारवलेला ओटा. त्या ओट्यावर सकाळी शेंगा फोडायला, दुपारी गोधड्या शिवायला आणि संध्याकाळी नुसतंच बसायला अर्धी आळी यायची. मायने बुरुजांकडे मान वर करून पाहिलं, भिंतीवर हात फिरवला, दोनदा सगळ्या बाजूंनी चक्कर मारली.

‘‘घरले ओटा काबर नही रे, भाऊ?’’

‘‘माय, किल्ल्याला ओटा नसतो.’’

‘‘मंग लोके कोठे बसतीन?’’

आण्णाने उत्तर दिलं नाही. त्याच्या पुठ्ठ्यांवर कुठेही लोक नव्हते. इतक्या वर्षांत एकदाही त्याने त्या पुलावरून येणारा माणूस काढलेला नव्हता.

त्यानंतर पोकलेन आलं आणि खंदक खोदायला सुरुवात झाली. लांबी फिरून 400 फूट, रुंदी 15, खोली 8. वरची वीतभर माती गेली की पिवळसर मुरूम लागला. बोअर घेतला तर त्यातून नुसती धूळ निघाली. पाणी टँकरने आणून भरायचं ठरलं आणि ते जिरू नये म्हणून शेततळ्याला टाकतात त्या जाड काळ्या प्लास्टिकच्या कागदाची भेंडोळी जळगावहून येऊन पडली. वर्ष पावसाने दगा दिलेलं होतं. गावाच्या विहिरी होळीलाच तळाला गेल्या होत्या, हातपंपावर पहाटे तीनपासून हंड्यांची रांग लागायची.

माय भाकरीचं फडकं घेऊन कामावर आली होती. खंदकाच्या काठावर उभी राहून म्हणाली, ‘‘यामा पानी कोठून लयशी?’’

‘‘विकत आणीन, माय. माझ्या पैशाने.’’

तिथे गावचे निवृत्त गुरुजी बसलेले होते. गणित शिकवायचे, आण्णालाही त्यांनीच शिकवलं होतं. महिन्यातून एकदा एस.टी.ने धुळ्याला जाऊन राजवाडे संशोधन मंडळात वाचत बसायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा नेम. त्यांनी खडूचा तुकडा मागून घेतला आणि बुरुजाच्या दगडावर हिशेब मांडला. चारशे गुणिले पंधरा गुणिले आठ, म्हणजे 48 हजार घनफूट. घनफुटाला सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास धरलं तर साडेतेरा लाख लिटरच्या वर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर 136 टँकर. हे फक्त एकदा भरायला. खान्देशच्या मे महिन्यात उघड्या पाण्याचा दिवसाला एक सेंटिमीटरचा थर तरी हवेत जातो. सहा हजार चौरस फुटांवरचा एक सेंटिमीटर म्हणजे साडेपाच हजार लिटर.

‘‘टंचाईत सरकारी टँकर माणशी वीस लिटर देतो,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘भागाकार तू कर, आण्णा. तुला येतो.’’

आण्णाने मनात केला. पावणेतीनशे माणसांचं एका दिवसाचं पाणी. ते रोज वर ढगात जाणार होतं, आणि खालून पावणेतीनशे माणसं ते जाताना बघणार होती. तरी तो म्हणाला, ‘‘गुरुजी, सगळं आयुष्य मी याच्यासाठी घासलं.’’ यात त्याचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. फुटपाथवर भिजलेल्या माणसाला खंदकाचं स्वप्न पडावं, यासारखी साधी गोष्ट नाही. गुरुजींनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, ‘‘उद्या मायला बालाजीच्या दर्शनाला पारोळ्याला नेतोयस ना? मला आणि मिस्तरीलाही घेऊन चल.’’

दर्शन झाल्यावर चौघं बाजारातून किल्ल्याकडे गेले. दुकानांच्या आणि घरांच्या गर्दीत पारोळ्याचा किल्ला आहे हे कित्येकांच्या लक्षातही येत नाही. हा भुईकोट हरि सदाशिव दामोदर यांनी 1727च्या सुमाराला बांधला. राणी लक्ष्मीबाईंच्या सासरच्या नेवाळकर घराण्याशी त्याचं नातं आहे. चहूबाजूंनी खंदक, दरवाजाला तेव्हा उचलता पूल, त्याच्यावर नजर ठेवणारे भक्कम बुरुज. आण्णाने पुठ्ठ्यावर जे जे काढलं होतं ते सगळं इथे, त्याच्या गावापासून तासाभराच्या वाटेवर, जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच उभं राहिलं होतं. कॅलेंडरवरचा किल्ला बघून झुरणाऱ्या आण्णाने हा कधी पाहिलाच नव्हता.

तो हरखून गेला. बुरुजाची गोलाई हाताने मोजली, दगडाचे सांधे बोटांनी चाचपले. पूल कुठे टेकत असेल, साखळी कुठून जात असेल, हे मिस्तरीला खोदून खोदून विचारलं. मिस्तरीने सगळं दाखवलं आणि मग बाजाराकडे बोट केलं.

‘‘किल्ला एकटा नही बांधा त्यानी. गाव बी बसाडं.’’

गुरुजींनी त्याला पुरवणी जोडली. हरि सदाशिव येण्याआधी पारोळा म्हणजे पन्नासेक घरांची वस्ती होती. त्याने तिचं तटबंदीचं शहर केलं. पुढे 1857च्या उठावानंतर इंग्रजांनी किल्ला निकामी करायचं ठरवलं आणि 1859मध्ये त्याची पाडापाड केली. पूल गेला, वाडे गेले. पन्नास घरांचं जे गाव वाढलं होतं ते कुणाला पाडता आलं नाही. ते समोर भाजी विकत होतं, कापूस तोलत होतं, शाळा सुटलेली पोरं घरी नेत होतं.

‘‘आणि तो कॅलेंडरवरचा?’’ आण्णाने विचारलं. चित्र त्याने मोबाइलमध्ये जपलेलं होतं. गुरुजींनी ओळखलं. जर्मनीत बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग, त्याचं नॉयश्वानस्टाईन. 1869मध्ये पाया घातला तेव्हा मध्ययुग संपून कित्येक शतकं लोटली होती. राजाला एकांतात राहण्यासाठी जुन्या काळासारखा किल्ला हवा होता. त्यापायी त्याने डोक्यावर कर्जाचा डोंगर केला. 1886मध्ये तो वारला तेव्हाही बांधकाम अर्धंच होतं आणि सतरा वर्षांत तो तिथे जेमतेम 172 दिवस राहिला होता. माणसं जवळ येऊ नयेत म्हणून बांधलेला तो किल्ला त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच तिकीट लावून लोकांना उघडा केला गेला.

माय पायरीवर बसून ऐकत होती. गुरुजी म्हणाले, आता आपल्याकडची गोष्ट ऐका, आणि त्यांनी आसा अहिराची गोष्ट सांगितली.

रावेरच्या पुढे, बऱ्हाणपूरच्या उत्तरेला असीरगड आहे. फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की चौदाव्या शतकात तो आसा अहीर नावाच्या मोठ्या गवळी सरदाराकडे होता. हजारो म्हशी, हजारो मेंढ्या, धान्याची कोठारं भरलेली. अशात भयंकर दुष्काळ पडला. आसाचे कारभारी धान्य विकायच्या मागे होते. आसाची बायको आडवी आली. धान्य विकायचं नाही, वाटायचं, असं तिने नवऱ्याला पटवलं. आणि धडधाकट माणसांना हाताला काम हवं म्हणून गडाचा जुना गडगा उतरवून तिथे दगडचुन्याचा पक्का तट बांधायला घेतला. असीरगडचा तो तट भुकेल्या माणसांच्या मजुरीतून उभा राहिला.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. किल्ला म्हटला की आपल्याला तोफा आणि वेढे आठवतात. किल्ला म्हणजे आधी काही वर्षांचं काम, शेकडो हातांची भाकरी, हे आठवत नाही. फ्रान्समध्ये बर्गंडीच्या रानात गेडेलाँ नावाचा किल्ला 1997पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने, यंत्रांचा आधार न घेता, बांधला जातोय. जवळच्याच खाणीचा दगड, हातातल्या छिन्न्या, पायाने फिरवायची चाकं. त्या कामावर पाथरवट, सुतार, लोहार, दोर वळणारे असे कितीतरी कारागीर पोसले जातात. किल्ला पुरा व्हायची कुणालाच घाई नाही, कारण काम हाच तिथला खरा किल्ला आहे.

पण आसाच्या गोष्टीचा शेवट गोड नाही आणि गुरुजींनी तो लपवला नाही. थाळनेरच्या मलिक राजा फारूकीचा मुलगा नासिरखान. त्याने आसाला निरोप पाठवला की शत्रू चालून येतोय, माझ्या बायकामुलांना गडावर आसरा दे. आसाने दार उघडलं. डोल्या आत आल्या आणि डोल्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले. आसा आणि त्याचे मुलगे मारले गेले.

‘‘म्हणजे दार उघडलं म्हणूनच मेला ना तो?’’ आण्णा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. उधन्याच्या रस्त्यावरची रात्र त्याच्या अंगातून अजून गेली नव्हती.

‘‘हो, म्हणूनच मेला,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘ते खोटं कशाला सांगू? पण फरिश्त्याने हे लिहिलं तेव्हा दोनशे वर्षं लोटली होती. तोवर लोकांनी दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या होत्या. दगा कुणी दिला तेही, आणि दुष्काळात धान्य कुणाच्या बायकोने वाटलं तेही.’’

परतताना कुणी फारसं बोललं नाही. गाव जवळ आलं तेव्हा मायने गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला एक जुना बांध होता, त्याच्या वरच्या अंगाला बाभळी आणि कोरडा खळगा. बहात्तरच्या दुष्काळात सरकारने काढलेल्या कामावर मायने तिथे खडी फोडली होती आणि पाट्या वाहिल्या होत्या. आण्णा तेव्हा तान्हा होता, झोळीत. दुपारी सुकडी मिळायची.

‘‘हाऊ तलाव गयासाठेच बांधेल व्हता,’’ ती म्हणाली.

गळण्यासाठीच. पाझर तलावाचं काम तेच. पाणी धरून ठेवायचं नाही, मुरू द्यायचं. खालच्या विहिरींना ते महिन्याभराने, दोन महिन्यांनी भेटतं. बहात्तरच्या त्या कामाने खालच्या चार विहिरी कितीतरी वर्षं जगवल्या होत्या. मग तळात गाळ साचला, गाळाने मुरुमाची तोंडं बुजवली, तलाव गळेनासा झाला आणि विहिरी आटल्या. तलावात पाणी दिसायचं, म्हणून कुणाला काही बिघडलंय असं वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिक अंथरायला माणसं आली. माय खंदकाच्या काठावर आधीच येऊन बसली होती.

‘‘कागद नको टाकू, भाऊ. गयू दे त्याले.’’

इंजिनिअरने हरकत घेतली आणि ती रास्त होती. भिंतीला लागून पाणी मुरलं तर पायाचं काय? मिस्तरी आणि तो दोघं उन्हात तासभर उभे राहिले. पाया खाली कातळाला टेकलेला होता. शेवटी ठरलं की भिंतीकडचं अंग काळी माती ठासून दगडी पिचिंगने बंद करायचं आणि बाहेरचं अंग व तळ उघडा मुरूम ठेवायचा. नाल्यापासून खंदकापर्यंत एक चर काढायचा, दुसऱ्या टोकाला सांडवा द्यायचा, म्हणजे पुराचं पाणी आत येईल आणि जास्तीचं निघून जाईल. धुळे जिल्ह्यात शिरपूरकडे भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून गावोगावची पाण्याची पातळी वर आणली, ते काम इंजिनिअरने पाहिलेलं होतं. तो मिस्तरीला म्हणाला, ‘‘बाबा, हे जमेल.’’

पिचिंगला हात लागणार होते. पोकलेन परत पाठवलं आणि गावातल्या तीस-चाळीस जणांना पावसाळ्यापर्यंत रोजगार मिळाला. पैसा कमी पडला तेव्हा आण्णाने चौथा बुरुज रद्द केला. त्याला सोपं गेलं नाही. चौथ्या बुरुजाचा पाया भरलेला होता. त्याच जागी, पुलाच्या अलीकडे, घडलेल्या दगडांचा लांबच लांब ओटा झाला.

मृगाचा पाऊस नुसता शिंतडून गेला. आर्द्रा नक्षत्रात एका रात्रीत नाला दुथडी वाहिला आणि खंदक काठोकाठ भरला. आण्णा पहाटे पुलावर उभा राहिला. पाण्यात तीन बुरुज उलटे दिसत होते. पुठ्ठ्यावरचं चित्र पहिल्यांदाच खरं झालं होतं. आठ दिवसांत पाणी कमरेइतकं खाली गेलं. पुन्हा भरलं, पुन्हा उतरलं. बघायला आलेला सुरतेचा एक व्यापारी म्हणाला, आण्णा, तुमचा खंदक गळतो, ठेकेदाराला धरा. आण्णा त्याला खाली विहिरींवर घेऊन गेला. ज्या विहिरी आदल्या वर्षी होळीला तळाला गेल्या होत्या, त्यांत पुढच्या अक्षयतृतीयेला पोहऱ्याला पाणी लागत होतं. सगळ्या नाही, दोन विहिरी काही केल्या उठल्या नाहीत.

घराचा पूल अजून साखळीला आहे. दिवाळीला साखळीला तेल देतात. पूल उचलायचा प्रसंग आलेला नाही. माय धाब्याचं घर सोडून वर राहायला आली, कारण आळी तिच्याआधीच ओट्यावर येऊन बसली होती.

दर मे महिन्यात आण्णा खंदकातला गाळ काढतो. ज्याला हवा त्याने गाडी आणावी आणि आपल्या शेतात नेऊन टाकावा. बरडावर गाळाचा वीतभर थर पडला तर ज्वारीला लगेच कळतं. तुमच्या गावाजवळही बहात्तर सालचा एखादा पाझर तलाव असेलच. यंदा मृग निघायच्या आत त्याचा गाळ काढा. आणि जळगावहून धुळ्याला जाताना पारोळ्याला उतरून किल्ला नक्की बघा. त्याचा खंदक साफ राहील एवढं पारोळेकरांनी मनावर घ्यावं.